मदत हवी आहे: ३.३ व्होल्टचा प्रोब, १.८ व्होल्टचा बोर्ड

स्वतः डिझाइन केलेला, एनआरएफ५२८४० मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड १.८ व्होल्टवर चालतो. त्यात प्रोग्रॅम टाकणारा डीबग प्रोब आरपी२०४० चिपवर आधारित आहे, ३.३ व्होल्टचा, आणि त्याला व्हीटीरेफची (समोरच्या बोर्डचं व्होल्टेज ओळखणारी) पिनच नाही. बोर्डच्या रेलचं (वीजपुरवठ्याच्या लाइनचं) व्होल्टेज वाढवता येत नाही, कारण त्याच रेलवर १.८ व्होल्टचा सेन्सर सोल्डर केलेला आहे.

अडचण दोन्ही बाजूंनी आहे. एनआरएफच्या पिनवर व्हीडीडी (चिपचं पुरवठा-व्होल्टेज) अधिक ०.३, म्हणजे २.१ व्होल्टपेक्षा जास्त चालत नाही. उलट दिशेने आरपी२०४० ला 'हाय' ओळखायला किमान २ व्होल्ट लागतात, तेव्हा १.८ पुरत नाहीत. म्हणून थेट जोडलेलं नाही.

बीएसएस१३८ मॉसफेट आणि १० के रेझिस्टरचा तयार लेव्हल शिफ्टर (सिग्नलची व्होल्टेज-पातळी बदलणारा) लावून पाहिला. १०० किलोहर्ट्झवर ओपनओसीडी या प्रोब चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला कधीकधी चिपचा आयडी मिळतो, फ्लॅश लिहिताना मात्र संपर्क तुटतो. स्कोपवर एसडब्ल्यूडीआयओ या डेटा लाइनची चढती कड अगदी आळशी दिसते. ग्राउंड जोडलेला आहे, वायर १० सेंटीमीटरच्या आत आहेत, आणि हाच प्रोब दुसऱ्या ३.३ व्होल्टच्या बोर्डवर व्यवस्थित चालतो.

एसडब्ल्यूसीएलके, म्हणजे क्लॉक, एकाच दिशेने जातं, तिथे साधा बफर बसेल. खरा प्रश्न दोन्ही दिशांनी चालणाऱ्या एसडब्ल्यूडीआयओचा आहे. व्हीटीरेफवाला प्रोब सध्या बजेटबाहेर आहे.

तिथे दिशा आपोआप ओळखणारा लेव्हल शिफ्टर टीएक्सएस०१०२ कोणी प्रत्यक्ष वापरला आहे का? १ मेगाहर्ट्झला फ्लॅशिंग भरवशाचं होतं का, की दिशा-पिनवाला एसएन७४एलव्हीसी१टी४५ लावून दिशा प्रोबच्या फर्मवेअरमधूनच द्यावी लागते?