अर्थ पाठ असतो, तरी वाक्य चुकते

प्रश्न :
माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असून गेली दोन वर्षे मी वहीत डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे मराठी अर्थ लिहीत आलो आहे. वाचताना त्याचा उपयोग होतो, परंतु बोलताना फजिती होते. परवा एका परदेशी सहकाऱ्याला मी ‘आय हॅव अ डाऊट’ असे म्हणालो, तर मी त्याच्या आकडेवारीवरच अविश्वास दाखवत आहे, असा त्याचा समज झाला. मला फक्त एक शंका विचारायची होती. वहीत ‘डाऊट : शंका’ असेच लिहिलेले आहे. मग चुकले कोठे?

उत्तर १ :
गोंधळाचे मूळ ‘शंका’ या शब्दातच आहे. न समजलेली गोष्ट हीही आपल्याकडे शंका आणि खरेपणाविषयीचा संशय हीही शंका. इंग्रजीतील ‘डाऊट’ मात्र मुख्यतः संशयाकडे झुकतो. आपल्याला अभिप्रेत होते त्यासाठी ‘क्वेश्चन’ पुरेसा होता. आपल्या शिकवणी वर्गांत ‘डाऊट’ हा शब्द इतका रुळला आहे की येथे कोणी टोकत नाही.

उत्तर २ :
प्रत्येक भाषा अर्थाच्या वाटण्या आपापल्या परीने करते. मराठीत खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा ‘हात’च, इंग्रजी मनगटापाशी ‘आर्म’ आणि ‘हँड’ वेगळे करते, तसेच घोट्यापाशी ‘लेग’ आणि ‘फूट’. उलट काका, मामा आणि मावशीचे यजमान या तिघांना तिकडे एकच ‘अंकल’. क्रियापदांत हा घोळ अधिक नडतो. ‘उसने’ हा एकच शब्द आपण देणे-घेणे लावून दोन्हीकडे चालवतो; इंग्रजीत देणाऱ्याचे ‘लेंड’ आणि घेणाऱ्याचे ‘बॉरो’ ही स्वतंत्र क्रियापदे आहेत. म्हणून वहीत सुट्या शब्दाऐवजी पूर्ण वाक्य लिहावे, म्हणजे कोण कोणाला काय देतो आहे, हेही त्यासोबत लक्षात राहते.

उत्तर ३ :
याच अडचणीसाठी परभाषिक विद्यार्थ्यांचे इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश निघाले. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत असत. त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा कोश 1942 मध्ये टोकियोत छापला गेला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो पुढे आणला. क्रियापदापुढे कोणती रचना येते, कोणत्या नामाचे अनेकवचन होत नाही, हे त्यात सांगितलेले असे. ‘अ‍ॅडव्हाइस’ला अनेकवचनाचा ‘एस’ लागत नाही, हे ‘सल्ला’ या अर्थावरून कसे कळणार? तरीही मराठी अर्थ सरसकट खोडू नयेत, असे माझे मत आहे. ‘काइट’ म्हणजे मध्यम आकाराचा शिकारी पक्षी, हे वाचून मी चाचपडत राहिलो होतो. ‘घार’ म्हणताच पक्षी डोळ्यांसमोर आला.

प्रश्नकर्ता :
सर्वांचे आभार. आज वही पुन्हा चाळली, तेव्हा ‘डिस्कस : चर्चा करणे’ या नोंदीपाशी थांबलो. आपण एखाद्या विषयावर किंवा विषयाबद्दल चर्चा करतो, म्हणून मी आजवर ‘डिस्कस अबाऊट’ लिहीत आलो. तेही चूक का?

उत्तर २ :
होय. ‘डिस्कस’पुढे विषय थेट येतो, ‘अबाऊट’ लागतो तो ‘टॉक’ला.