प्रति: विश्वास असेल तर रडायचं कशाला?

या नावाच्या पोस्टमध्ये म्हटलंय की विश्वास ठेवणारा माणूस मेला म्हणजे प्रभूकडे गेला, मग शोक करणं म्हणजे अविश्वास. हे मला अजिबात पटत नाही.

आई गेली तेव्हा इंदूरला आमच्या घरी प्रार्थनेला आलेल्या एका काकूंनी माझे डोळे पुसत सांगितलं, “रडू नकोस, साक्ष बिघडते.” म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल लोकांना चुकीचं दिसतं. मी गप्प झाले. रात्री आईचं बायबल उघडलं, तर पानांत तिचा चष्मा तसाच. तेव्हा मात्र आवरलं नाही.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 11 वा अध्याय बघा. मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी त्याची बहीण मरीया हिला रडताना पाहून तोही रडला. पुढचं ठाऊक असूनही! स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. ‘विलापगीत’ हे अख्खं पुस्तकच शोकाचं. प्रेषित पौलानेही थेस्सलनीकाकरांना, म्हणजे त्या शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, लिहिलेल्या पत्रात शोक करू नका असं सांगितलेलं नाही. आशा नसलेल्यांसारखा करू नका, एवढंच सांगितलंय.

त्या काकूंवर राग नाही, त्यांना मला सावरायचंच होतं. पण त्या नुसत्या शेजारी बसल्या असत्या तर बरं झालं असतं. चष्मा अजून त्याच पानात आहे.