मदत हवी आहे: सायकलचा डावा क्रँक आवळूनही ढिला होतो

नमस्कार. माझ्या सायकलचा डावा क्रँक (पायडलला मधल्या आसाशी जोडणारा दांडा) १४ मिलिमीटरच्या पान्याने कितीही घट्ट आवळला तरी चार-पाच किलोमीटरांत पुन्हा हलू लागतो आणि पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला 'कट्' असा आवाज येतो. बोल्ट काढताच क्रँक हातानेच निघाला. त्याच्या ॲल्युमिनियममधील चौकोनी भोकाचे कोपरे गोलसर झाले आहेत, पोलादी आसाचे कोपरे मात्र शाबूत आहेत. ढिल्या क्रँकवर बरेच दिवस सायकल चालवली, ही चूक माझीच. हातात पैसे फार कमी असल्यामुळे विचारतो: पत्र्याची पातळ पट्टी घालून हा क्रँक टिकेल, की उभे राहून पायडल मारताना निसटण्याचा धोका राहील? वापरलेला डावा क्रँक घ्यायचा झाल्यास, आतल्या बाजूस कोरलेल्या १७० (मिलिमीटर) या लांबीखेरीज आणखी काय जुळवून पाहावे?