मदत हवी आहे : डब्ल्यूपीए-३ निवडल्यावर जुना लॅपटॉप वायफायला जोडला जात नाही

सप्रेम नमस्कार. राजारामपुरीतील आमच्या दुकानाच्या नव्या राउटरवर डब्ल्यूपीए-२ या जुन्या वायफाय सुरक्षा पद्धतीऐवजी २०१८ साली आलेली डब्ल्यूपीए-३ निवडताच मोबाइल लगेच जोडले गेले, परंतु हिशेबाचा विंडोज ७ असलेला लॅपटॉप नेटवर्कचे नाव दाखवूनही जोडला जात नाही. नवा यूएसबी वायफाय ॲडाप्टर लावून उपयोग होईल, की अडचण विंडोजचीच आहे? दोन्ही प्रकार चालणारा मिश्र पर्याय ठेवल्यास मोबाइलची सुरक्षाही खालावते का? लॅपटॉप गेस्ट नेटवर्कवर (त्याच राउटरच्या, पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर) टाकता आला असता, पण मग मुख्य नेटवर्कवरील प्रिंटर त्याला सापडणार नाही. शिवाय ते नेटवर्क गिऱ्हाइकांसाठी राखले आहे, कारण चहा संपायच्या आत पासवर्ड मागणारे पुष्कळ असतात. डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने वायफायला जोडण्याची सोय) मी बंदच केले आहे, आठ आकडी पिनवर विसंबणे मला पटत नाही. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.