फिल्म क्लबसाठी हल्लीचे जर्मन सिनेमे सुचवा (हिटलर आणि भिंत सोडून)

भरतनाट्यमंदिराशेजारी :
आमच्या क्लबात एक शनिवार-रविवार हल्लीचे जर्मन भाषेतले सिनेमे दाखवायचं घाटतंय. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, कुठलेही चालतील. एकूण चार. सभासद बहुतेक साठीपुढचे, पण मुरलेले. हर्झॉग, फासबिंडरसारखे जुने जर्मन दिग्दर्शक पचवून बसलेत. अट एकच : हिटलर नको, बर्लिनची भिंत नको. दर वेळी तेच होतं आणि नंतरच्या चर्चेत तेच काका तेच बोलतात. आणि हो, मध्ये चहा आहे, तेव्हा फार लांबलचक काही सांगू नका.

एल्बेकाठची :
मग विषयच घ्या ना : नोकरी. मी हॅम्बुर्गात नोकरी करते, त्यामुळे असेल, पण मला इकडचे अलीकडचे चांगले सिनेमे कामाच्या जागीच घडताना दिसतात.

सुरुवात इल्केर चाताकच्या 'दास लेहररत्सिमर'ने (२०२३) करा. शाळेत चोऱ्या होताहेत. कार्ला नोवाक ही गणित आणि पीटी शिकवणारी नवी बाई. संशय तुर्की घरातल्या एका मुलावर घेतला जातो, ते तिला खटकतं. त्यातच स्टाफरूममधल्या कॉफीच्या गल्ल्यातून एक सहकारीच चिल्लर काढताना तिला दिसते. मग ही बाई पाकीट जॅकेटात ठेवते, जॅकेट खुर्चीवर टाकते आणि लॅपटॉपचा कॅमेरा चालू ठेवून बाहेर जाते. रेकॉर्डिंगमध्ये चेहरा नाहीच, नुसती बाही. चांदण्यांची नक्षी असलेली. पुढचं सगळं रामायण त्या बाहीवरून! सिनेमा शाळेचं आवार सोडत नाही. बाईंचं घर कुठे, घरी कोण, काही कळत नाही. सगळे सज्जन, सगळे नियमाला धरून वागणारे, आणि तरी पार विचका. असल्या मीटिंगांत मी बसलेय, म्हणून जरा जास्तच घाम फुटला. शंभर मिनिटांच्या आत संपतो, चहा सुरक्षित.

त्यात कार्ला झालेली लेओनी बेनेशच पेट्रा फोल्पेच्या 'हेल्डिन'मध्ये (२०२५) नर्स आहे. स्विस सिनेमा. माणसं कमी असलेल्या वॉर्डातली एक संध्याकाळची पाळी, बस. प्रायव्हेट खोलीतला पेशंट चहाला किती मिनिटं लागली ते घड्याळ लावून मोजतो. नर्सिंग करून जर्मनीला यायचं म्हणून भाषा शिकणाऱ्या मुली तुमच्या ओळखीत असतील तर त्यांना आवर्जून बोलवा.

मधलीसुट्टी :
'टोनी एर्डमान' (२०१६, मारेन आडे) राहिला की! नोकरी म्हणाल तर याच्यासारखा नाही. मुलगी बुखारेस्टमध्ये कन्सल्टंट, तेल कंपनीला माणसं कशी कमी करायची ते सांगते. बाप खोटे दात आणि विग लावून तिच्या पार्ट्यांत घुसतो.

भरतनाट्यमंदिराशेजारी :
१६२ मिनिटं आहेत हो त्याची. आमच्यात गुडघे आहेत.

मधलीसुट्टी :
गुडघ्यांना सांगा, मुलगी झालेली झांड्रा ह्युलर अनोळखी घरात, सगळ्यांसमोर, बापाच्या आग्रहाखातर गाणं म्हणते तिथपर्यंत थांबा. त्यानंतर कुणी उठणार नाही.

रेल्वेलाइनपलीकडे :
ह्युलरच हवी असेल तर 'इन डेन गेंगेन' (२०१८, थोमास श्टुबर). पूर्व जर्मनीतलं घाऊक मालाचं अवाढव्य दुकान, रात्रपाळी, आणि फोर्कलिफ्ट (माल उचलायची गाडी) शिकणारा अबोल फ्रान्त्स रोगोव्स्की. सुरुवातीलाच निळ्या डॅन्यूबच्या वॉल्ट्झवर फोर्कलिफ्ट फिरतात. त्याला शिकवणारा ब्रूनो पूर्वी, कम्युनिस्ट राजवटीत, याच जागेवरच्या सरकारी वाहतूक कंपनीत ट्रक चालवायचा. ते रस्ते, तो ट्रक, याची त्याला काय आठवण येते ते तो दोन वाक्यांत सांगतो आणि पुन्हा मालाकडे वळतो.

भरतनाट्यमंदिराशेजारी :
म्हणजे भिंत आलीच मागच्या दाराने!

एल्बेकाठची :
येऊ द्या. दिसत नाही ना कुठे. काकांना फार तर फोर्कलिफ्टवर बोलावं लागेल.

चौथा मात्र दिग्दर्शक पेट्झोल्डचा 'रोटर हिमेल' (२०२३) हवा. बर्लिनाले या बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात ग्रँड ज्युरीचं रौप्य अस्वल मिळालेला. बाल्टिक किनाऱ्यावर सुटीला आलेला लेखक. कुणीही पोहायला चल म्हटलं की "मला काम आहे" म्हणतो आणि काम काडीचं करत नाही. तिकडे जंगल पेटलंय, डोक्यावरून हेलिकॉप्टर जाताहेत, याचं लक्ष आपल्या दुसऱ्या कादंबरीत. रुसून बसलेल्या लेखकावर इतका मिश्कील सिनेमा मी तरी पाहिला नाही. मराठी साहित्यिक सभासद असतील तर त्यांना पुढच्या रांगेत बसवा.

'टोनी'ला माझाही विरोध नाही, पण मग तो रविवारी सकाळी एकटाच लावा आणि चहा आधी द्या.

भरतनाट्यमंदिराशेजारी :
ठरलं. शनिवारी शाळा आणि फोर्कलिफ्ट. रविवारी सकाळी टोनी, दुपारी पेट्झोल्ड. 'हेल्डिन' पुढच्या महिन्यात वेगळा लावू, नर्सिंगच्या मुलींनाही तेव्हाच बोलावतो. पण प्रिंट आणि हक्कांचं कसं करायचं?

रेल्वेलाइनपलीकडे :
आधी मॅक्सम्युलर भवनात (जर्मन सांस्कृतिक केंद्रात) विचारा. विनातिकीट खेळ असेल तर तसं पत्रात स्पष्ट लिहा. जे त्यांच्याकडे नसतील त्यांच्या वितरकाला थेट मेल टाकायचा. हॉलची क्षमता आणि तारीख पहिल्याच मेलमध्ये द्या, नाहीतर नुसती पत्रापत्रीच चालते.