मदत हवी आहे: ‘पाया’ या विषयावर तरुणांचा अभ्यास कसा घ्यावा?

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) दृढीकरणाच्या, म्हणजे तरुणांनी आपला विश्वास स्वतः जाहीर कबूल करण्याच्या तयारीच्या, वर्गाला बायबलमधला मत्तय 7:24-27 हा येशूचा दाखला शिकवायचा आहे. खडकावरचं घर आणि वाळूवरचं घर मुलांना लहानपणापासून पाठ आहे, त्यामुळे वरवर सांगून चालणार नाही.

एका मुलीने फार चांगला प्रश्न विचारला. मत्तयात खडकावर बांधणारा तो, जो प्रभूची वचनं ऐकून तसं वागतो. पण 1 करिंथ 3:11 मध्ये पौल म्हणतो की पाया येशू ख्रिस्तच आहे, दुसरा कोणी घालू शकत नाही. मग पाया आपलं आज्ञापालन की ख्रिस्त? माझ्या मते पाया ख्रिस्तच, आणि आज्ञापालन म्हणजे त्यावर खरोखर उभं राहणं. लूक 6:48 मधला माणूस तर आधी खोल खणतो. पण ‘कृतीवाचून विश्वास निर्जीव’ म्हणणारं याकोब 2:17 जोडून हे सोप्या मराठीत कसं मांडावं?

दुसरी काळजी जास्त मोठी आहे. बारावीनंतर यातली बरीच मुलं पुण्याला होस्टेलवर जातात आणि उपासना, प्रार्थना हळूहळू सुटते. वादळ दोन्ही घरांवर येतं, हे त्यांना आत्ताच कळायला हवं. घर सोडण्याआधी तुमच्या मंडळीत मुलांकडून कोणती सवय पक्की करून घेता? रोजचं वचनवाचन, जोडीने प्रार्थना, की पुण्यातल्या मंडळीशी आधीच ओळख? आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांचं या विषयाला साजेसं कोणतं गीत घ्यावं?