बेडरूमसाठी पांढरा ग्लॉसी ड्रॉवरवाला चेस्ट: सोलापुरात टिकेल का, कसा निवडावा?

जुळेसोलापूरकरीण

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय.

जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके आहे. बेडरूम दहा बाय साडेदहा फूट. पलंगाची डोक्याची बाजू पूर्वेच्या भिंतीला आणि पायथ्याला पश्चिमेची खिडकी. एक लोखंडी कपाट आहे, ते साड्या, बँकेची कागदं आणि ह्यांच्या शर्टांनी गच्च भरलंय. लेक तीन वर्षांची. तिचे कपडे, टॉवेल, चादरी यांना जागाच उरलेली नाही, म्हणून खिडकीखाली पाच-सहा ड्रॉवरचा चेस्ट ठेवायचा विचार आहे. आरसा नको, तो कपाटाला आहे.

मला पांढरा आणि ग्लॉसीच हवाय. खोलीत सागवानी पलंग आणि करडं कपाट असल्याने सगळं अंधारं वाटतं. सासूबाईंचं म्हणणं, पांढरं लगेच पिवळं पडतं आणि आपल्याकडच्या धुळीत रोज फडकं मारत बसावं लागतं.

बजेट पंचवीस हजारांपर्यंत. ऑनलाइन रेडिमेड, इथल्या शोरूममधला की सुताराकडून करून घेतलेला? गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेला, पाहुणे येतात, त्याआधी झाला तर बरं.

शेंगाचटणी

लहान मूल असताना पांढरा ग्लॉस? स्केचपेन लपवून ठेवा आधी. मॅट घ्या, फिकट करडा किंवा क्रीम. सुखी राहाल.

प्लायवाला_बाळे

ताई, माझं प्लाय-हार्डवेअरचंच काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. रंग तुमच्या आवडीचा घ्या, पण "ग्लॉसी" एवढंच सांगून दुकानातून बाहेर पडू नका. चार वेगवेगळ्या गोष्टी ह्या एका नावाखाली विकल्या जातात.

पहिला ग्लॉसी सनमायका. स्वस्त, प्लायवर चिकटतो, कुठल्याही सुताराला जमतो. चकाकी बरी असते, पण आरशासारखी नाही. बारीक ओरखडे उठतात, काळ्यावर दिसतात तेवढे पांढऱ्यावर दिसत नाहीत.

दुसरा मेम्ब्रेन, म्हणजे एमडीएफवर (लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबलेला बोर्ड) गरम करून चढवलेला पीव्हीसीचा पातळ पापुद्रा. दिसायला छान, कडेला जोड नसतो. पण आपला एप्रिल-मे आणि तुमची पश्चिमेची खिडकी बघता मी तो देणार नाही. उष्णतेने कोपऱ्यातून सुटायला लागला की परत बसवता येत नाही.

तिसरा पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेनचा स्प्रेने मारलेला रंग. चांगल्या कारखान्यात, बंद बूथमध्ये मारलेला असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण आपल्याकडे बऱ्याचदा मिस्त्री जिन्यात किंवा गच्चीवर कंप्रेसर लावून मारतो, आणि वाऱ्याबरोबर आलेला कण न् कण त्या रंगात कायमचा बसतो. हात फिरवला की रव्यासारखं लागतं. शिवाय पिवळं पडण्याची तक्रार येते ती मुख्यत्वे इथेच. पीयूमध्ये न पिवळणारा आणि पिवळणारा असे दोन प्रकार येतात, स्वस्तातला बहुधा दुसरा. त्यामुळे सासूबाई अगदीच चूक नाहीत.

चौथा ॲक्रिलिक. एक-दीड मिलीमीटरची शीट, खरी आरशासारखी चकाकी, उन्हाने सहसा पिवळी पडत नाही, हलका ओरखडा पॉलिश करून काढता येतो. महाग आहे, पण तुम्हाला फक्त ड्रॉवरच्या दर्शनी पाट्यांना लागेल. बाजूंना आणि आत साधा पांढरा सनमायका चालतो.

आता खरी मेख. ॲक्रिलिक थेट प्लायवर लावू देऊ नका. प्लायचा पृष्ठभाग किंचित वर-खाली असतो आणि एवढ्या चकचकीत शीटवर त्या लाटा दिसतात. पाट्या एचडीएचएमआरच्या (ओल सहन करणारा घट्ट, गुळगुळीत बोर्ड), सांगाडा प्लायचा. प्लाय आयएस ३०३ (साध्या प्लायचं सरकारी मानक) मधला बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला टिकणारा, पुरे. आयएस ७१० चा मरीन, म्हणजे कायम ओल्या जागेसाठीचा प्लाय बेडरूममध्ये कशाला? कोणी गळ्यात मारायला लागला तर सरळ नाही म्हणा.

जुळेसोलापूरकरीण

दादा, खूप आभार. पण शोरूममध्ये उभं राहिल्यावर ॲक्रिलिक कुठलं, सनमायका कुठला हे मला कसं कळणार? आणि माल चांगला की वाईट तेही.

प्लायवाला_बाळे

ट्यूबलाइटखाली उभ्या राहा आणि पाटीत तिचं प्रतिबिंब बघा. दांडी सरळ दिसली तर काम चांगलं. संत्र्याच्या सालीसारखं खरबरीत किंवा नागमोडी दिसलं तर पुढच्या दुकानात चला. मग कड बघा. पाटी आणि एज बँडिंगच्या, म्हणजे कड झाकणाऱ्या, पट्टीमध्ये गोंदाची रेघ दिसते का? पांढऱ्यावर ती रेघ मळ धरते आणि वर्षभरात काळी पडते. नखाने हळूच उचकटून बघा, दुकानदार काय म्हणेल त्याची फिकीर करू नका.

शेवटी ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढा आणि तळाला आतून तळहाताने दाबा. तीन-चार मिलीमीटरचा हार्डबोर्ड खालून नुसता पिन मारून लावला असेल तर खाली झुकेल. तळ सहा मिलीमीटर प्लायचा आणि बाजूंच्या खाचेत बसवलेला हवा. चादरी ठेवणार म्हणताय ना? आपल्या सोलापुरी चादरीचं वजन तुम्हाला मी काय सांगायचं! ड्रॉवर ज्यावर सरकतो ते चॅनल बॉल बेअरिंगचे टेलिस्कोपिक घ्या, ४५ किलोवाले.

पूर्वभागवाला

एक गोष्ट कोणी लिहिली नाही. कूलर! ताई, तुमचा कूलर त्याच खिडकीत असणार, बरोबर? मग चेस्ट खिडकीखाली अजिबात नको. चार महिने ओली हवा अंगावर, वर थेंब. पार्टिकल बोर्डाची (दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड) उघडी कड पाणी पिऊन फुगते ती परत बसत नाही. आमच्या शेजारी एक ऑनलाइन मागवलेला होता, कूलरच्या बाजूचा तळ पावासारखा फुगला आणि खालचा ड्रॉवर अडकून बसला. परत न्यायला कोणी आलं नाही.

आणखी एक, पाय हवेत. चार इंच तरी. फरशी पुसताना पाणी लागतंच, आणि पाणी येतं त्या दिवशी आपल्या घरात बादल्या, पिंपं, सांडासांड काय असते ते सांगायला नको.

धुळीचं म्हणाल तर आमच्याकडे साध्या धुळीसोबत यंत्रमागाचा कापूसही उडतो. ॲक्रिलिकवर कोरडं फडकं जोरात घासलं की उलट जास्त चिकटतो, कारण घासून वीज तयार होते. मायक्रोफायबरचं फडकं ओलं करून घट्ट पिळायचं, एकदा फिरवायचं, मग कोरड्याने टिपायचं. बोअरच्या पाण्याने पुसू नका, क्षारांचे ओघळ राहतात आणि चकाकी मंद होते. नेलपॉलिशचं रिमूव्हर वर सांडू देऊ नका, ॲक्रिलिक कायमचं धुरकट होतं. आमच्याकडे काळा ग्लॉस आणि पांढरा ग्लॉस दोन्ही आहेत. धूळ काळ्यावर जास्त दिसते हो. पांढऱ्याला उगाच बदनाम करतात.

शेंगाचटणी

हळदीकुंकवाचा हात लागला तर?

पूर्वभागवाला

कुंकू लगेच पुसलं तर जातं. हळदीचा डाग राहिलाच तर उन्हाने आपोआप फिका होतो. स्केचपेनला मात्र माझ्याकडे औषध नाही.

हैदराबादी_सोलापूरकर

आयकियाचं हैदराबादचं दुकान २०१८ मध्ये सुरू झालं, भारतातलं पहिलं. पुणे-हैदराबाद हायवेने तीनशे किलोमीटर, सोलापूरची बरीच मंडळी लग्नाच्या खरेदीला येतात तेव्हा तिकडेही चक्कर टाकतात. बघायला जरूर या, ड्रॉवर कसा सरकायला हवा ते हाताला कळतं. पण खास एका चेस्टसाठी येऊ नका, गाडीभाड्यात सुताराची मजुरी निघेल. आणि तिथे गेल्यावर मेणबत्त्या, टोपल्या, उशा असं काय काय गाडीत येतं ते वेगळंच.

मोजमाप_मावशी

ताई, जरा टेप घ्या. पलंग साडेसहा फूट लांब धरला तर पायथ्याशी उरतात साडेतीन फूट, म्हणजे बेचाळीस इंच. चेस्ट अठरा इंच खोल. राहिले चोवीस. त्यात ड्रॉवर सोळा इंच बाहेर येणार. आठ इंचात उभं राहून चादर काढणार कशी? पलंगावर बसून काढावी लागेल.

पलंग पाच फुटी असेल तर एका बाजूच्या भिंतीला सरकवा, दुसऱ्या बाजूला साडेपाच फूट मोकळे मिळतात. त्यातून चेस्ट आणि उघडा ड्रॉवर वजा केला तरी बत्तीस इंच राहतात. दोघींना उभं राहता येईल. कूलरही लांब, उन्हाची तिरीपही थेट वर पडणार नाही. खिडकीखालची जागा मुलीच्या खेळण्यांच्या टोपलीला.

रुंदी साडेतीन फूट, उंची तीन फूट ठेवा. वरचे दोन ड्रॉवर अर्ध्या रुंदीचे आणि पाच इंची, मोजे, रुमाल, मुलीच्या क्लिपा यांना. खालचे तीन पूर्ण रुंदीचे, शेवटचा दहा इंची, चादरींसाठी. सगळे सारखे केले की वरच्यात जागा वाया जाते आणि खालच्यात काही मावत नाही.

हँडलबद्दल: बिनहँडलचे, ढकलले की उघडणारे ड्रॉवर फोटोत सुंदर दिसतात. पण प्रत्येक वेळी बोट थेट ग्लॉसवर लागतं. पाटीच्या वरच्या कडेला ॲल्युमिनियमची प्रोफाइल पट्टी लावा, बोटं तिच्यावर पडतील.

प्लायवाला_बाळे

मावशींना अनुमोदन. एक भर: ॲक्रिलिकवरची प्लास्टिकची फिल्म मिस्त्रीचं सगळं काम संपेपर्यंत काढू नका. पण नंतर "राहू दे, नवं राहील" म्हणून तशीच ठेवूही नका. उन्हाळ्यात तिचा गोंद पक्का होतो आणि मग ती तुकड्या-तुकड्याने निघते.

दोन_पोरांचा_बाप

मूल तीन वर्षांचं आहे हे सगळे विसरले की ओ! खालचे ड्रॉवर उघडून पोरं पायरीसारखी चढतात. दोन-तीन ड्रॉवर एकदम उघडे आणि वर पोरगं, की अख्खा चेस्ट पुढे येतो. वर ज्या आयकियाचं कौतुक झालं, त्यांनीच २०१६ मध्ये अमेरिकेत याच कारणासाठी सुमारे २ कोटी ९० लाख चेस्ट आणि ड्रेसर परत मागवले होते, मुलं दगावली होती. सुताराला सांगून मागच्या वरच्या पट्टीतून दोन एल क्लॅम्प (काटकोनी लोखंडी पट्ट्या) भिंतीत मारून घ्या. टीव्ही त्याच्यावर ठेवू नका. खेळणी वरच्या टॉपवर ठेवू नका, ती घ्यायलाच पोरं चढतात.

जुळेसोलापूरकरीण

बापरे, हे खरंच डोक्यात नव्हतं. ऑनलाइनचा विचार सोडला. इथल्या दोन शोरूममध्ये आज जाऊन आले. एकाने "प्लाय आहे, प्लाय आहे" म्हणून जो दाखवला, त्याचा ड्रॉवर ओढल्यावर कडेला भुसा दिसला. दुसरीकडे ट्यूबलाइट नागमोडी. विक्रेता म्हणाला, मॅडम इतकं कोण बघतं!

आमच्या बिल्डिंगमधल्यांच्या मिस्त्रीला विचारलं. प्लायचा सांगाडा, एचडीएचएमआरवर ॲक्रिलिकच्या पाट्या, प्रोफाइल पट्टी, चार इंची पाय, सगळं धरून साडेचोवीस म्हणाला. मावशींच्या मापाने सांगितलंय. सासूबाईंना ॲक्रिलिकचा तुकडा दाखवला, त्यांनी नखाने ओरखडून बघितला आणि "बरं दिसतंय" म्हणाल्या.

एकच शंका. मिस्त्री म्हणतो तुमची भिंत विटेची नाही, हलक्या पांढऱ्या ब्लॉकची आहे, क्लॅम्प हलतील. मग भिंतीला लावायचा कसा?

प्लायवाला_बाळे

तो एएसी ब्लॉक, म्हणजे हवेच्या बारीक छिद्रांचा हलका सिमेंटचा ब्लॉक. त्यात स्क्रू धरणारा साधा रॉल प्लग फिरतो, मिस्त्रीचं बरोबर आहे. हार्डवेअरच्या दुकानात एएसीसाठीचे लांब नायलॉन प्लग म्हणून मागा. भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवायला सांगा, नाहीतर भोक रुंद होतं आणि प्लग सैल बसतो. ब्लॉकच्या कडेला, जोडाजवळ भोक नको, मधोमध. बसवल्यावर वरचा ड्रॉवर उघडून स्वतः जोर लावून ओढून बघा आणि मगच मिस्त्रीला शेवटचे पैसे द्या.